चाळीस तासांचा हिशेब द्या

फाउंडेशन कोर्सच्या समन्वयकांना खुले पत्र

मा. समन्वयक साहेब,

नमस्कार. ‘सप्रेम’ मुद्दाम गाळलं आहे. मनात राग आहे आणि तो लपवायचा नाही.

तुमचं नाव लिहीत नाही, कारण तुम्ही एका कॉलेजात राहत नाही. कुठे तुम्ही शरीरक्रियाशास्त्राचे सहयोगी प्राध्यापक असता, कुठे मेडिकल एज्युकेशन युनिटचे सचिव, तर कुठे डीन ऑफिसात ज्यांचा शब्द चालतो असे कुणीतरी. एमबीबीएसची नवी बॅच आली की पहिल्या आठवड्यांचं वेळापत्रक तुमच्या हातून निघतं. त्यात ‘इंग्लिश लँग्वेज’ असे काही चौकोन असतात. ते तुम्ही कसे भरता हे मी बरीच वर्षं बघत आले आहे. मी मेडिसिन विभागात शिकवते. पहिल्या वर्षी तुम्ही जे सोडून देता, ते पुढे माझ्या वॉर्डात केस पेपरवर उतरतं.

2019 साली तेव्हाच्या भारतीय वैद्यक परिषदेने नवा अभ्यासक्रम लागू केला. त्यात फाउंडेशन कोर्सला एकूण 175 तास दिले आणि त्यातले 40 तास भाषा व संगणक कौशल्यांसाठी ठेवले. स्थानिक भाषा, इंग्रजी आणि संगणक, सगळं त्या 40 तासांतच. तास तुटपुंजे होते, हे मान्य. तरीही डॉक्टर होणाऱ्या मुलांना भाषा शिकवावी लागते, ती गृहीत धरून चालत नाही, हे नियमात लिहून आलं होतं. खेड्यातून आलेल्या मुलांसाठी ही मोठी गोष्ट होती.

तुम्ही काय केलंत? जवळच्या कला महाविद्यालयातून तासिका तत्त्वावरच्या एका प्राध्यापकांना बोलावलंत. समोर कोणती मुलं बसणार, त्यांना पुढच्या महिन्यात काय वाचावं लागणार, काय लिहावं लागणार, यातलं काहीही त्यांना सांगितलं नाहीत. दोनशे मुलांच्या लेक्चर हॉलमध्ये माइक देऊन उभं केलंत. त्यांनी त्यांच्याजवळ होतं ते शिकवलं: टेन्सेस, ॲक्टिव्ह-पॅसिव्ह, आर्टिकल्स, आणि शेवटच्या दिवशी ‘पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट’. मागच्या चार रांगा मोबाइलवर होत्या. तुम्ही दारातून डोकावलात, फोटो काढलात, हजेरीपटावर सह्या घेतल्यात आणि अहवाल पाठवलात. तो अहवाल कधी उशिरा जात नाही. त्या 40 तासांत वेळेवर होणारी तेवढी एकच गोष्ट आहे.

त्या प्राध्यापकांना मी दोष देत नाही. एका तासाचे जे पैसे त्यांना मिळतात, ते महिनोन् महिने थकतात हेही तुम्हाला ठाऊक आहे. दोष तुमचा आहे, कारण ती मुलं कोण आहेत हे तुम्हाला ठाऊक होतं आणि त्या प्राध्यापकांना नव्हतं.

कोण आहेत ती? दहावीपर्यंत जिल्हा परिषदेच्या किंवा गावातल्या संस्थेच्या शाळेत मराठी माध्यमातून शिकलेली, फार तर सेमी-इंग्रजीतून. त्यानंतर लातूर, नांदेड नाहीतर संभाजीनगरला दोन वर्षं क्लास. पुस्तक इंग्रजीत, समजावणं मराठीत, आणि परीक्षा गोल काळे करण्याची. नीटमध्ये 180 प्रश्न, 720 गुण. मुलाला पूर्ण इंग्रजी वाक्य लिहिता येतं का, हे त्यातला एकही प्रश्न तपासत नाही. बारावीला इंग्रजीत पास असावं लागतं, बस. त्यामुळे नीटला उत्तम गुण मिळवलेली मुलगी पहिल्या वर्षाच्या वर्गात येते, तेव्हा तिची बुद्धी सिद्ध झालेली असते, चिकाटी सिद्ध झालेली असते आणि इंग्रजी लिहिण्या-बोलण्याचा सराव जवळजवळ शून्य असतो. यात तिचा काहीही अपराध नाही. आपणच तिला तसं निवडलं.

मग डिसेक्शन हॉल सुरू होतो. नव्या अभ्यासक्रमात एकट्या शरीररचनाशास्त्राची उद्दिष्टं 409 आहेत. पुस्तकाची पानं रोज साठत जातात. ज्या वाक्यात कर्ता पहिल्या ओळीत आणि क्रियापद चौथ्या ओळीत असतं, ते वाक्य ती तीनदा वाचते. वर्गमैत्रीण एका तासात जे वाचून टाकते त्याला हिला तीन तास लागतात, आणि रात्र तर दोघींना सारखीच मिळते. मग ती पाठांतराकडे वळते. बारावीपर्यंत पाठांतराने तिला कधी दगा दिलेला नसतो. इथे देतो. टेबल वायवाला परीक्षक आकृतीवर बोट ठेवून विचारतात, ही नस कापली गेली तर काय होईल? तिला उत्तर माहीत असतं. मनगट लोंबकळेल, हात वर उचलता येणार नाही, हे ती मराठीत एका दमात सांगेल. इंग्रजीत पहिला शब्दच सापडत नाही. ती गप्प राहते. परीक्षक पुढच्या रोल नंबरला बोलावतात.

बाहेर आल्यावर ही मुलं एकच वाक्य बोलतात. ते मी इतक्या जणांकडून ऐकलं आहे की आता ऐकवत नाही: “मॅम, येतं, पण सांगता येत नाही.”

हे वाक्य तुमच्याही कानावर आलेलं आहे, साहेब. तुम्ही त्यावर काय म्हणता तेही मी स्टाफरूममध्ये ऐकलं आहे. “या मुलांची लेव्हलच नाही.” ज्या मुलीने लाखोंच्या परीक्षेत स्वतःच्या हिमतीवर जागा मिळवली, तिची लेव्हल ठरवण्याचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? तिला जे शिकवायचं म्हणून सरकारने तास दिले होते ते तुम्ही वाया घालवलेत, आणि न शिकल्याचा शिक्का तिच्या कपाळावर मारलात. पहिलं वर्ष पार करायला नियमाने चारच संधी आहेत. पुरवणी परीक्षेतही नापास झालं की बॅच सुटते, वसतिगृहातली खोली बदलते, गावाकडचे फोन मूल घ्यायचं टाळतं. त्या काळात ही मुलं कुठल्या अवस्थेतून जातात हे मी जवळून पाहिलं आहे, आणि त्याबद्दल सौम्य शब्दांत लिहायची माझी तयारी नाही.

तुमचं आवडतं उत्तर असं: “इंग्रजी काय, आपोआप येतं. सगळ्यांना येतं.”

ज्यांच्या घरात इंग्रजी वर्तमानपत्र येतं, ज्यांचे आई-वडील डॉक्टर आहेत, ज्यांनी शाळेत इंग्रजीतून भांडणं केली आहेत, त्यांना आपोआप येतं. बाकीच्यांना येतं ते फक्त वरवरचं. चौथ्या वर्षापर्यंत ती मुलं एक भाषा शिकतात, पण ती इंग्रजी नसते. ती असते संक्षेपांची. ‘के/सी/ओ एचटीएन’, ‘एच/ओ फॉल’, ‘एनएडी’, ‘सीएसटी’. सिनियरच्या केस पेपरवर बघून उतरवलेली, त्याने त्याच्या सिनियरच्या बघून उतरवलेली. ‘ओडी’ म्हणजे आमच्याकडे दिवसातून एकदा, नेत्रविभागात तेच उजवा डोळा, आणि अपघात विभागात जास्त प्रमाणात घेतलेलं औषध. हे मी इंटर्नला सांगते तेव्हा तो दचकतो, कारण ही अक्षरं आहेत कशाची, हे त्याला कुणी कधी सांगितलेलंच नसतं. ‘सीएसटी’ म्हणजे चालू तेच उपचार पुढे चालू. पण चालू काय होते? वरचं पान उलटावं तर तिथेही ‘सीएसटी’. असं मागे मागे जात तीन दिवसांपूर्वीच्या पानापर्यंत पोचावं लागतं.

आता रेफर चिठ्ठीकडे वळते. या पत्रात मला सगळ्यात जास्त काही म्हणायचं असेल तर ते याविषयी.

प्राथमिक आरोग्य केंद्रात एक गरोदर बाई झटके येत असलेल्या अवस्थेत येते. रक्तदाब खूप वाढलेला. तिथे मॅगसल्फचा पहिला डोस द्यायचा असतो, दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम, आणि मग 108 बोलावून तिला वरच्या रुग्णालयात पाठवायचं असतं. हे सगळं ठरलेलं आहे आणि बहुतेक ठिकाणी नीट होतं. बाई दोन तासांनी मोठ्या रुग्णालयाच्या लेबर रूममध्ये पोचते. सोबत सासू आहे, तिला कसलं इंजेक्शन दिलं ते सांगता येत नाही. चिठ्ठीवर एकच ओळ आहे: पेशंटला पुढील उपचारांसाठी वरच्या केंद्रात पाठवत आहोत. इंग्रजीतल्या या एका ओळीने महाराष्ट्रभर किती रुग्णांचा प्रवास झाला असेल याची गणती नाही.

आता लेबर रूममधल्या निवासी डॉक्टरने काय करावं? डोस दिला आहे असं धरून थांबावं, आणि तो दिलेला नसेल, तर झटका पुन्हा येईल. दिलेला नाही असं धरून पूर्ण डोस द्यावा, आणि तो आधीच दिलेला असेल, तर औषध जास्त होईल. आधी गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया जाते, मग श्वास मंदावतो. म्हणून ती निवासी डॉक्टर गुडघे ठोकून बघते, श्वास मोजते, लघवी किती झाली ते विचारते, आणि मधल्या वेळात कुणीतरी त्या आरोग्य केंद्राला फोन लावत असतं. तो लागत नाही. हे सगळं टाळायला चार वाक्यं पुरली असती. काय झालं, किती वाजता, आम्ही काय दिलं, आता कशाची भीती आहे. ती चार वाक्यं लिहिणारा डॉक्टर हुशार होता, त्याने उपचार बरोबर केले होते. त्याला साध्या इंग्रजीत चार वाक्यांची चिठ्ठी लिहायला कुणी कधी शिकवलं नव्हतं. पाच वर्षांत एकदाही कुणी त्याच्याकडून अशी चिठ्ठी लिहून घेतली नव्हती, तपासून परत दिली नव्हती.

माझी मागणी ‘फाडफाड इंग्रजीची’ असल्यासारखं करून तुम्ही ती उडवून लावता. मला फाडफाड इंग्रजी नको आहे. मला ती चार वाक्यं हवी आहेत.

2016 साली वैद्यक परिषदेने डॉक्टरांसाठी नियम दुरुस्त केला: औषधांची जेनेरिक नावं सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावीत. चांगला नियम आहे. पण त्यातून एक गोष्ट दिसते. अक्षर कसं काढावं यावर आपण नियम केला, वाक्य कसं करावं हे शिकवण्याची जबाबदारी मात्र कुणाच्याच नावावर नाही. आणि वाक्यानेही माणसं वाचतात. याचा पुरावा आहे. अमेरिका आणि कॅनडातल्या नऊ रुग्णालयांत बालरोग विभागाच्या निवासी डॉक्टरांना पाळी बदलताना रुग्णाची माहिती ठरावीक पद्धतीने कशी बोलावी आणि लिहावी, हे शिकवलं गेलं. निष्कर्ष 2014 मध्ये प्रसिद्ध झाले. वैद्यकीय चुका 23 टक्क्यांनी कमी झाल्या, रुग्णाला होणारी टाळता येण्याजोगी इजा 30 टक्क्यांनी कमी झाली. औषध नवं नव्हतं, यंत्र नवं नव्हतं. ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे अशांनाही हे शिकवावं लागलं. तुमच्या दोनशेंना ते आपोआप येईल असं तुम्ही कशाच्या आधारावर म्हणता?

दुसरं उत्तर तुम्ही अलीकडे देऊ लागला आहात. “आता काय, मातृभाषेतूनच एमबीबीएस होणार. मध्य प्रदेशात हिंदी पुस्तकं आली, आपल्याकडेही येतील.” ऑक्टोबर 2022 मध्ये भोपाळला पहिल्या वर्षाची हिंदी पुस्तकं प्रकाशित झाली, हे खरं. मराठीत चांगली वैद्यकीय पुस्तकं झाली तर सगळ्यात आधी मी विकत घेईन, आणि पहिल्या वर्षी मूल आपल्या भाषेत विषय समजून घेऊ शकलं तर मला आनंदच होईल. पण त्या हिंदी पुस्तकांतही वैद्यकीय संज्ञा इंग्रजीच ठेवल्या आहेत, फक्त नागरीत छापल्या आहेत. आज या घडीला औषधाच्या खोक्यावरची पत्रिका, लॅबचा रिपोर्ट, एमआरआयचं निदान, पीजीची परीक्षा आणि केरळहून आलेल्या सहकाऱ्याला लिहायची टिपणी इंग्रजीत आहे. आज वर्गात बसलेली मुलगी साडेपाच वर्षांत डॉक्टर होईल. तिच्यासाठी तुम्ही आज काय करता, हा प्रश्न आहे. उद्याच्या धोरणाचा आडोसा घेऊन तुम्ही आजचा तास चुकवू शकत नाही.

मराठीचा तुम्हाला एवढा कळवळा असता, तर त्याच 40 तासांतल्या स्थानिक भाषेच्या तासांचं काय केलंत तेही सांगा. सरकारी कॉलेजांत 15 टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात. राजस्थानची, केरळची, तेलंगणाची मुलं येतात. त्यांना मराठीची मुळाक्षरं गिरवायला लावून तुम्ही सोडून दिलंत. तिसऱ्या वर्षी तो जयपूरचा मुलगा माझ्या वॉर्डात आजीसमोर उभा राहतो. आजी म्हणते, जीव घाबरा होतो. त्याला ते नुसतं भिणं वाटतं. आजीला श्वास पुरत नाही की छातीत धडधडतं की दरदरून घाम येतो, हे विचारायचं असतं हे त्याला कळत नाही. आणि त्याच्या शेजारी उभी असलेली आपली अहमदपूरची मुलगी! तिला आजीचं बोलणं पूर्ण समजलेलं असतं. हातापायाला मुंग्या येणं, पोटात कळ येणं, अंगावरून जाणं, अन्नावरची वासना उडणं, हे सगळं ती जन्मापासून ऐकत आली आहे. तिला ते इंग्रजीत मांडता येत नाही, म्हणून ती मागे उभी राहते आणि तो मुलगा, ज्याला आजीचं काहीच कळलेलं नाही, तो केस प्रेझेंट करतो.

हे दोघं एका बाकावर बसवता आले असते, साहेब. पहिल्याच आठवड्यात. एका रुग्णाची मराठीतली हकिगत तिला द्यायची, तिने ती त्याला समजावायची, त्याने प्रश्न विचारायचे, दोघांनी मिळून ती इंग्रजीत पाच ओळींत लिहायची. तिला इंग्रजी मिळालं असतं, त्याला मराठी मिळाली असती, आणि ज्या मुलीला तुम्ही ‘लेव्हल नाही’ म्हणता ती पहिल्या दिवसापासून कुणाला तरी काहीतरी शिकवणारी झाली असती. यात एक रुपया खर्च नव्हता.

अशा पद्धतीला आधार नाही असं म्हणू नका. डोकं चालवून सोडवायची कामं द्यायची आणि त्या कामांतून भाषा येऊ द्यायची, या पायावर इंग्रजी शिकवण्याचा एक गाजलेला प्रयोग आपल्याच देशात झाला. 1979 ते 1984 या काळात एन. एस. प्रभू यांनी दक्षिण भारतातल्या साध्या शाळांत तो केला. व्याकरणाचे धडे बाजूला ठेवले आणि मुलांना नकाशे, रेल्वेचं वेळापत्रक, अशी सोडवायची कामं दिली. मुलं काम सोडवण्यात गुंतली आणि भाषा त्या कामातून आत गेली. जगभरच्या भाषाशिक्षकांनी त्या प्रयोगाचा अभ्यास केला. आपण मात्र मेडिकलच्या मुलांना पुन्हा पाचवीच्या टेन्सेसवर नेऊन बसवलं. काळांचे प्रकार ती मुलं शाळेत सात-आठ वर्षं शिकली आहेत. त्यांची अडचण नियम माहीत नसण्याची नाही. नियम वापरायची पाळीच कधी आलेली नाही, ही आहे.

दुसरा प्रयोग इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठातला. टिम जॉन्स आणि टोनी डडली-इव्हान्स या भाषेच्या शिक्षकांनी परदेशी विद्यार्थ्यांसाठी विषयाच्या प्राध्यापकांबरोबर एकत्र वर्ग घेतले. विषय होते वाहतूक आणि वनस्पतिशास्त्र. प्राध्यापकाचं व्याख्यान ध्वनिमुद्रित करायचं आणि मग दोघांनी मिळून मुलांबरोबर त्यावर काम करायचं: सर इथे काय म्हणाले, का म्हणाले, परीक्षेत हे कसं लिहाल. 1980 साली त्यांनी यावर लिहिलं. तेव्हा टेपरेकॉर्डर लागत होता. तुमच्या खिशात आज फोन आहे. शरीररचनाशास्त्राच्या व्याख्यानातली दहा मिनिटं रेकॉर्ड करून ती त्या कला महाविद्यालयाच्या प्राध्यापकांना आदल्या दिवशी पाठवायला तुम्हाला कोण अडवत होतं? पुढच्या तासाला ते आणि तुमच्या विभागातला एक ट्यूटर, दोघं वीस मुलांसमोर बसले असते. त्या वीस मुलांना ‘एनुमरेट’ विचारलं तर नुसती यादी द्यायची, ‘डिस्क्राइब’ विचारलं तर वर्णन करायचं, ‘डिस्कस’ विचारलं तर बाजू मांडायची, एवढं जरी कळलं असतं तरी पहिल्या टर्मच्या पेपरात कित्येकांचे गुण वाढले असते. दरवर्षी मुलं यादी मागितलेल्या ठिकाणी दोन पानं लिहितात आणि शेवटचा प्रश्न सोडून येतात. ते विषयात कच्चे असतात म्हणून नाही. प्रश्न काय मागतो हेच त्यांना कुणी वाचायला शिकवलेलं नसतं.

वीस मुलांचे गट करायला शिक्षक कुठून आणायचे, असं तुम्ही विचारणार. सगळ्या दोनशेंना या वर्गांची गरजच नाही. पहिल्या दिवशी अर्धा तास घ्या, प्रत्येकाकडून एक परिच्छेद लिहून घ्या आणि वाचा. पुण्या-मुंबईच्या इंग्रजी शाळांतून आलेली मुलं लगेच ओळखू येतील. त्यांना मराठीच्या गटात घाला, नाहीतर शेजारच्याला मदत करायला बसवा. उरलेल्यांत ज्यांना वाचनच जड जातं ते वेगळे, वाचता येतं पण तोंड उघडत नाही ते वेगळे. तुम्ही ही अर्ध्या तासाची परीक्षा कधी घेतली नाहीत, म्हणून ‘यांना काहीच येत नाही’ एवढंच तुम्हाला माहीत आहे. कुणाला काय येत नाही, याची नोंद कॉलेजात कुणाकडेच नाही. रुग्णाची तपासणी न करता दोनशे जणांना एकच गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरवर तुम्ही स्वतः कारवाई केली असती.

आणि हे पहिल्या महिन्यात संपवायचं काम नाही. सुरुवातीला वाचन आणि उत्तरं लिहिणं. दुसऱ्या वर्षापासून रुग्णाची हकिगत घेऊन ती मांडणं. शेवटच्या वर्षी रेफर चिठ्ठी, डिस्चार्ज कार्ड, मध्यरात्री वरिष्ठांना फोनवर रुग्ण सांगणं. याला नवं खातं लागत नाही. वृत्ती, नैतिकता आणि संवाद यासाठी अभ्यासक्रमात 27 घटक आधीच आहेत, लॉगबुक आधीच आहे. लॉगबुकमध्ये ‘मी चिठ्ठी लिहिली, ती तपासली गेली, मी ती पुन्हा लिहिली’ अशी नोंद घ्या आणि तिला अंतर्गत गुणांत जागा द्या. मुलं व्यवहारी आहेत. ज्याला गुण नाहीत ते ती करत नाहीत, आणि त्यात त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही, कारण झोपेच्या वेळेतून वेळ काढायचा असतो.

एक गोष्ट आम्हा क्लिनिकल विभागांतल्या लोकांनाही लागू आहे आणि ती लिहिणं भाग आहे. राउंडवर मूल अडखळलं की आमच्यातले कित्येक जण हसतात. उच्चाराची नक्कल करतात. एकदा नक्कल झाली की ते मूल इंटर्नशिप संपेपर्यंत राउंडवर तोंड उघडत नाही. पुढे तेच मूल नंदुरबारला किंवा गडचिरोलीला एकटं ड्युटीवर असतं, आणि फोन करून विचारण्याऐवजी अंदाजाने निर्णय घेतं, कारण फोनवर इंग्रजीतून रुग्ण सांगायची त्याला लाज वाटते. या लाजेची किंमत रुग्ण देतो. राउंडवर हसणाऱ्या प्राध्यापकाला समज देण्याचा अधिकार कॉलेजच्या समित्यांकडे आहे आणि त्या समित्यांत तुम्ही बसता. आजवर एकदा तरी तो वापरलात का, हे मी जाहीरपणे विचारते आहे.

तुम्ही आळशी नाही, हे मला माहीत आहे. नॅकची कागदपत्रं असोत, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची तपासणी असो, रात्री अकरापर्यंत तुम्ही ऑफिसात असता. तपासणीच्या आधी आठ दिवस कॉलेजातली प्रत्येक पाटी सरळ होते. म्हणजे तुम्हाला काम करता येतं. या मुलांसाठी ते करावंसं तुम्हाला वाटत नाही, माझी तक्रार एवढीच आहे आणि ती फार मोठी आहे. कारण यातली बरीच मुलं त्यांच्या घरातली, काही त्यांच्या गावातली, पहिली डॉक्टर होणार आहेत. ती ज्या आरोग्य केंद्रात जातील तिथे तुमची-माझी मुलं जाणार नाहीत. तिथल्या माणसांची भाषा त्यांना येते, त्यांची दुखणी त्यांना ठाऊक आहेत. त्यांच्याकडे नसलेली एकच गोष्ट देण्याचं काम सरकारने तुमच्याकडे सोपवलं होतं.

येत्या बॅचच्या वेळापत्रकात दर बुधवारी दुपारचे दोन तास मला हवेत. पहिल्या महिन्यापुरते नाहीत, पूर्ण वर्षभर. त्या इंग्रजीच्या प्राध्यापकांना माझ्याबरोबर वर्गात बसू द्या आणि त्यांचं थकलेलं मानधन आधी द्या. वर्ग वीस मुलांचा असेल, लेक्चर हॉल नको, सेमिनार रूम पुरेल. जुन्या रेफर चिठ्ठ्या आणि डिस्चार्ज कार्डं रुग्णांची नावं-पत्ते पूर्ण खोडून मी आणेन. पहिल्याच तासाला मुलं ती एका ओळीची चिठ्ठी वाचतील आणि त्या बाईला मॅगसल्फ दिलं होतं की नव्हतं, हे त्या चिठ्ठीतून शोधायचा प्रयत्न करतील. तुम्हीही या. फोटोग्राफर नको.

हे पत्र डीन साहेबांना आणि विद्यार्थी परिषदेलाही पाठवलं आहे. वेळापत्रक छापायला जाण्यापूर्वी उत्तर द्यावं, आणि ते लेखी द्यावं.

आपली,
मेडिसिन विभागातली एक शिक्षिका